सातवीतच नीट-सीईटीचा क्लास लावायचा का? कुठल्या इयत्तेत काय सुरू करायचं

एप्रिल लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पालक येऊ लागतात. दहावीच्या मुलांचे येतातच, पण हल्ली सहावी-सातवीतल्या मुलांचेही येतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हातात 'फाउंडेशन बॅच'चं गुळगुळीत पत्रक, त्यावर पांढऱ्या कोटातल्या मुलामुलींचे फोटो. "मॅडम, हिला डॉक्टर करायचंय. आत्तापासून बसवली तर पुढं सोपं जातं म्हणतात. पाच वर्षांची फी एकदम भरली तर सूट आहे. भरू का?" मुलगी सातवीत होती. आमचं बोलणं चालू असताना ती खिडकीतून कबड्डीच्या मैदानाकडं बघत होती.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या गृहस्थांना सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते. पाच वर्षांची फी भरू नका. सुरुवात मात्र खरोखरच लवकर करा. फक्त दहावीपर्यंत जे सुरू करायचं त्याचा नीट किंवा सीईटीच्या प्रश्नपत्रिकेशी थेट संबंध नाही, आणि त्यातलं बरंचसं घरच्या घरी, जवळजवळ फुकटात होतं.

एक वही दाखवते

दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात भिंगाचं उदाहरण दिलं होतं. सूत्र दहावीचंच: १/प्रतिमेचं अंतर वजा १/वस्तूचं अंतर बरोबर १/नाभीय अंतर. वस्तू २० सेंटिमीटरवर, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर. चिन्हसंकेत लावले की उजवीकडं उरतं १/१० − १/२०. एका हुशार मुलानं इथपर्यंत सगळं बरोबर आणलं आणि पुढच्या ओळीत लिहिलं: प्रतिमेचं अंतर = १० − २० = −१०. व्यस्त अपूर्णांकांची वजाबाकी त्यानं सरळ आकड्यांच्या वजाबाकीसारखी केली होती. उत्तर २० यायला हवं होतं. फिजिक्स त्याला कळलं होतं, अडला तो सहावीच्या अपूर्णांकांत. वही परत देताना तो म्हणाला, "मॅडम, हा धडा आम्ही क्लासमध्ये आठवीतच केला होता."

त्याला पुढचं सगळं आधी शिकवलं गेलं होतं आणि मागचं कच्चं राहिलं होतं. अशा वह्या मी दरवर्षी पाहते. म्हणूनच आठवीत अकरावीचे धडे शिकवण्याला माझा विरोध आहे. मुलाला वाटतं आपल्याला हे येतं, आणि अकरावीत तो धडा खरोखर शिकवला जातो तेव्हा त्याचं लक्ष उडालेलं असतं.

आधी परीक्षा ओळखा

'एन्ट्रन्स' म्हणून पालक सगळं एका गाठोड्यात बांधतात. तिन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे.

एमएचटी-सीईटी इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांसाठी. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुढच्या ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा.

नीट मेडिकलसाठी. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण, त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे. पेपर ओएमआर शीटवर, म्हणजे पेननं गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर असतो. चुकीला एक गुण वजा, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम.

जेईई मेन एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांसाठी. ७५ प्रश्नांना तीन तास, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं. इथं वेगापेक्षा खोलीची कसोटी लागते. त्यातले वरचे अडीच लाख विद्यार्थी आयआयटीसाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसू शकतात.

सातवीतलं मूल यातल्या कुठल्या परीक्षेला बसणार हे त्याला तरी कुठं माहीत असतं? शिवाय परीक्षाच बदलतात. आपल्याकडं २०१४ आणि २०१५ ला इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर झाले, २०१६ ला पुन्हा सीईटी आली. मेडिकलचे राज्यातले प्रवेश २०१७ पासून नीटवर गेले. नीटचा अभ्यासक्रम २०२४ ला कमी झाला. २०२५ ला नीट आणि जेईई मेन दोन्हींतले ऐच्छिक प्रश्न गेले आणि नीटचा वेळ २०० मिनिटांवरून पुन्हा १८० वर आला. पाच वर्षं आधी 'पॅटर्न' शिकवू म्हणणाऱ्याला तो पॅटर्न कसा असेल हे ठाऊक असणं शक्यच नाही.

पायरी १: पाचवी ते आठवी

या वयात तीन गोष्टी पक्क्या करा: अपूर्णांक आणि गुणोत्तर-प्रमाण, वाचन, आणि स्वतः एकटं बसून उत्तर शोधायची सवय.

अपूर्णांकांसाठी रोज पाच उदाहरणं, दहा मिनिटं. मुलानं उत्तर काढल्यावर "बरोबर" म्हणायच्या आधी "कसं काढलंस?" विचारा. घरात कुणाला गणित येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. आईला चपात्या लाटतालाटता विचारता येतो. सांगताना मूल जिथं अडखळतं तिथंच कच्चं असतं.

वाचनाचं महत्त्व पालकांना पटत नाही, पण नीटचा जीवशास्त्राचा पेपर हा निम्म्याहून जास्त वाचनाचा पेपर आहे. 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' या वाक्यातलं 'चुकीचे' न दिसल्यामुळं गेलेले गुण मी किती वह्यांत पाहिलेत. मराठी असो, इंग्रजी असो, रोज दोन पानं वाचून 'यात काय सांगितलं?' एवढं तोंडी सांगायचं.

चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांना (२०२५-२६ पर्यंत त्या पाचवी आणि आठवीला होत्या) जरूर बसवा. निकालाचं ओझं देऊ नका. घड्याळ लावून पर्याय निवडायची ओळख तिथं होते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत असेल, तर आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अकरावी-बारावीची पुस्तकं, टेस्ट सिरीज, एसटीचा पास यांचा बराचसा खर्च त्यात निघतो.

कबड्डी, तबला, चित्रकला यातलं काही 'आता एन्ट्रन्स आहे' म्हणून बंद करू नका.

पायरी २: नववी आणि दहावी

शाळेचं गणित आणि विज्ञान पूर्ण, खोल, अध्येमध्ये काहीही न सोडता. बोर्डात गुण मिळाले की पालक निर्धास्त होतात, पण पाठ केलेल्या उत्तरांवरही गुण मिळतात. दहावीतली वर्गसमीकरणं, त्रिकोणमिती, आलेख, नववीच्या विज्ञानातली गती, दहावीच्या विज्ञान भाग १ मधली विद्युतधारा, प्रकाश, आणि रासायनिक समीकरणं संतुलित करणं हे सगळं अकरावीच्या पहिल्या महिन्यात लागतं. तेव्हा मागं वळून शिकायला वेळ नसतो.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी या टप्प्यावर एक खास काम आहे. नववीपासून एक वेगळी वही करा. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी: त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. संवेग, मोमेंटम. अपवर्तन, रिफ्रॅक्शन. विभवांतर, पोटेन्शियल डिफरन्स. संयुजा, व्हॅलन्सी. आठवड्याला दहा शब्द, स्पेलिंगसकट. दोन वर्षांत हजारभर शब्द होतात. अकरावीला इंग्रजीत शिकवायला लागले की दिवाळीपर्यंत गप्प बसून राहणारी मराठी माध्यमाची चांगली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना विषय कळत असतो, शब्द ओळखीचा नसतो.

नीट आणि जेईई मेनचा पेपर मराठीतून देता येतो. सीईटीतही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच. नीट आणि जेईई मेनमध्ये भाषांतरात काही गोंधळ झाला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. म्हणून पेपर कुठल्याही भाषेत द्या, ती शब्दांची वही लागतेच.

या वयात पुढं धावायची परवानगी मी एकाच प्रकारच्या मुलाला देते. ज्याला स्वतःहून कोडी सोडवायची ओढ आहे, जे न सांगता गणिताच्या मागं बसतं, त्यानं ऑलिम्पियाडची गणितं जरूर करावीत. त्यात अकरावीचे धडे आधी उरकत नाहीत, आहे त्याच गणितात खोल जावं लागतं. पण ओढ मुलाची हवी. उत्तरं मागच्या पानावरून उतरवायला लागलं, चाचणीचे पेपर दप्तरात लपवायला लागलं, रविवारी पोट दुखायला लागलं की समजा ओझं झालंय. त्याच आठवड्यात थांबवा.

पायरी ३: दहावीचा शेवटचा पेपर ते अकरावीचा पहिला तास

माझ्या मते 'लवकर' या शब्दाचा खरा अर्थ या चार महिन्यांत आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश फेऱ्या-फेऱ्यांनी चालतात आणि वर्ग नीट सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. पुढं मिळणारे वीस-एकवीस महिने कमी पडतात अशी तक्रार सगळे करतात, आणि हे चार महिने मोकळे जातात.

पहिले पंधरा दिवस काहीही नको. मामाच्या गावाला पाठवा, झोपू द्या.

त्यानंतर रोज अडीच ते तीन तास, सकाळीच. उन्हाळ्यात दुपारी डोकं चालत नाही. पहिला दीड तास गणिताचा. लॉगॅरिदम, रेडियन आणि त्रिकोणमितीची सूत्रं, वर्गसमीकरणं, आलेख वाचणं, सदिशांची बेरीज. मेडिकलला जाणाऱ्यांनीही हे सोडायचं नाही, कारण नीटमध्ये मुलं फिजिक्सला अडतात आणि फिजिक्सला अडायचं कारण बहुतेकदा हेच गणित असतं. उरलेला वेळ अकरावीच्या केमिस्ट्रीतल्या 'मोल'ला (पदार्थातले कण मोजायचं एकक) आणि फिजिक्समधल्या एकक-परिमाणांना द्या. मोल ही कल्पना ज्याला नीट कळली त्याचं निम्मं भौतिक रसायनशास्त्र सोपं होतं. जीवशास्त्रवाल्यांनी एनसीईआरटीचं पुस्तक रोज तीन पानं सावकाश वाचायचं. एनसीईआरटी आणि बालभारती दोन्हींची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. सीईटीसाठी बालभारती, नीटसाठी एनसीईआरटी हा साधा हिशेब लक्षात ठेवा.

आणि याच सुट्टीत ठरवा कुठली परीक्षा मुख्य. तिन्हींचा बेत करणारी मुलं बारावीच्या जानेवारीत कशातच नसतात. सीईटी आणि जेईई मेन जोडीनं जमतात, नीटबरोबर सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटही जमतो. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन दोन्हीकडं धावणं फार थोड्यांना झेपतं.

पायरी ४: अकरावी

आता परीक्षेची तयारी खऱ्या अर्थानं सुरू. पहिल्या दिवसापासून, पण टेस्टपासून नव्हे.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हा समज सीईटीच्या २० टक्क्यांमुळं पसरला. नीट आणि जेईईत अकरावीचा अभ्यासक्रम पूर्ण येतो. शिवाय अकरावीचं गतीविज्ञान कच्चं असेल तर बारावीचं घूर्णन गती आणि दोलनं कळत नाहीत, म्हणजे ते २० टक्के आतून ८० टक्क्यांनाही धरून असतात.

रोजची रीत अशी ठेवा. वर्गात जे झालं ते संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं. आठवेल तेवढं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेननं भरायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, पण आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढं गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तोच धडा तीन दिवसांनी, मग पंधरवड्यानं, मग दीड महिन्यानं पुन्हा असाच लिहून बघायचा. कॅलेंडरवर तारखेला धड्याचं नाव लिहून ठेवलं की वेगळं नियोजन लागत नाही.

धडा असा झाला की त्यावरचे पन्नास-साठ पर्यायी प्रश्न. घड्याळ न लावता. घड्याळ अकरावीच्या शेवटच्या दोन महिन्यांत आणायचं.

चुकांची वही पहिल्या चाचणीपासून ठेवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं तीनपैकी एक खूण: कल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं तीन महिन्यांच्या खुणा मोजल्या तेव्हा निम्म्याहून जास्त चुका तिसऱ्या प्रकारच्या निघाल्या. ती तोवर रोज जास्तीचा एक तास फिजिक्स करत होती. तो तास बंद केला आणि प्रश्नातल्या 'नाही', 'चुकीचे', 'किमान' अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावली.

कॉलेजात हजेरी लावा. 'इंटिग्रेटेड' (कॉलेज आणि क्लास एकत्र) या नावाखाली कॉलेज नुसतं कागदावर असेल तर प्रात्यक्षिकं बुडतात. ज्या मुलानं व्हर्निअर (बारीक लांबी मोजायचं उपकरण) हातात धरलंय त्याला लघुत्तम मापाचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

पायरी ५: बारावी

नवा अभ्यासक्रम डिसेंबरपर्यंत संपवायचा. जेईई मेनची पहिली फेरी जानेवारीत, बोर्डाच्या प्रात्यक्षिकांनंतर लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी एप्रिल-मेमध्ये, नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी. पूर्ण वेळेचे सराव पेपर दिवाळीनंतर आठवड्याला एक, बोर्ड संपल्यावर आठवड्याला तीन. त्याहून जास्त नको, कारण पेपर तपासून चुका समजून घ्यायला पेपर सोडवण्याइतकाच वेळ लागतो. परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला बसा. नीटवाल्यांनी ओएमआरवरच सराव करा, गोल रंगवायलाही वेळ जातो.

बोर्ड सोडू नका. राज्यातल्या इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. एनआयटीला जेईईतून जाण्यासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं.

अकरावी वाया गेली आणि आत्ता बारावीच्या जूनमध्ये जागे झालात, तर सीईटी मुख्य धरा. ८० टक्के भार तुमच्या हातात आहे. अकरावीचे जे ठरावीक धडे सीईटीला असतात तेवढेच दिवाळीच्या सुट्टीत घ्या. कुणी 'आता उशीर झाला' म्हणालं तर ऐकू नका, असे विद्यार्थी चांगल्या कॉलेजात गेलेले मी पाहिलेत.

क्लास आणि पैसा

क्लास लावणं गैर नाही. लातूरला खोली घेऊन राहिलेली, मन लावून शिकलेली आणि डॉक्टर झालेली मुलं माझ्याही वर्गमित्रांच्या घरात आहेत. पण केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना पालकांनी वाचायला हव्यात. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलाला कोचिंगमध्ये घेऊ नये असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, हेही त्यात आहे.

म्हणून फी हप्त्यानंच भरा, परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या, आणि प्रवेशाआधी मुलाला चार दिवस वर्गात बसवून बघा. शिकवणारा कोण हे बघा, भिंतीवरचे फोटो बघू नका.

परवडत नसेल तर वाट आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमिलेअर विद्यार्थ्यांसाठी महाज्योती दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅब आणि इंटरनेट डेटाही देते. केंद्राचं 'साथी' हे पोर्टल आयआयटी कानपूरच्या साहाय्यानं चालतं आणि सर्वांना फुकट आहे. नीट आणि जेईई मेनचे जुने पेपर त्या घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात.

कागदपत्रं: इथं मात्र जितकं लवकर तितकं चांगलं

दरवर्षी जुलैत माझ्यासमोर कुणीतरी रडतं, आणि कारण गुण नसतात. गुण असतात, जात वैधता प्रमाणपत्र नसतं.

नववीतच जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. दहावीच्या फॉर्मवर जे जातं तेच गुणपत्रिकेवर छापून येतं आणि पुढं प्रत्येक अर्जात तेच विचारतात. अकरावी विज्ञानला प्रवेश मिळाला की कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणीचा अर्ज भरा. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) नोंद शोधायलाच सहा महिने जातात. अधिवास प्रमाणपत्र त्याच वर्षी काढा. नॉन-क्रीमिलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्राला मुदत असते, ती प्रवेशाच्या वर्षी चालू हवी, म्हणून ते बारावीचं आर्थिक वर्ष संपल्यावर लगेच बघा.

त्या सातवीतल्या मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून पत्रक घडी करून खिशात ठेवलं. मी मुलीला एक कोरा कागद दिला, त्यावर लिहिलं: पाव किलो शेंगदाण्याला चाळीस रुपये, तर पाऊण किलोला किती, आणि का? तिनं तोंडी उत्तर दिलं. "का" विचारल्यावर बराच वेळ कागदाकडं बघत राहिली, मग पेन मागितला आणि चार चौकोन काढले, त्यातल्या तिनांत रेघा भरल्या. वडिलांना म्हटलं, दादा, रोज असं एक विचारा, आणि ही दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली की पंधरा दिवसांनी मला भेटा.